किनवटला गेलेली अंडी

"थांबा, अंड्याला इचारू," असं म्हणून अक्का पदराला हात पुसायच्या, टोपलीतलं वरचं नव्हे तर मधलंच एखादं अंडं उचलायच्या आणि पांढऱ्या बशीच्या काठावर हलकेच फोडायच्या. मग ती बशी दाराच्या उजेडात धरायच्या. पिवळा बलक किती उभा राहतो, पांढरं किती पसरतं, रंग हळदीचा की लिंबाचा, हे सगळं डोळे बारीक करून पाहायच्या. वास घ्यायच्या. शेवटी दाणा मिसळणाऱ्या बायकांकडे वळून निकाल द्यायच्या. "मका कमी पडला. आठ-धा दिसामागं कुनाचा हात आखडला व्हता?" आणि खरोखरच आठ-दहा दिवसांपूर्वी कुणाचा तरी हात आखडलेला असायचा.

तुमच्याही पाहण्यात अशी माणसं आली असतील. शाळेचं तोंड पाहिलेलं नसतं, पण नुसत्या वासावरून आणि चवीवरून जनावराच्या पोटातलं ओळखतात. आपण त्यांचं कौतुक करतो, चारचौघांत त्यांचे किस्से सांगतो. मीही अक्कांचे किस्से पुष्कळ सांगितले. पुढे नोकरीत व्याख्यानं द्यायची वेळ आली तेव्हा तर हशा मिळवून सांगितले. फक्त शेवटचा किस्सा कधी सांगितला नाही. अक्कांना शेत नव्हतं, घरात कर्ता पुरुष नव्हता. गावात त्यांना मान होता तो एवढ्याचसाठी की खुराकाच्या बाबतीत त्या बोलतील ते खरं. तो मान गेला आणि तो माझ्यामुळे गेला. ते आता सांगायला बसलो आहे, आणि सांगून बरं वाटेल अशी माझी मुळीच समजूत नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. आमच्या ऑफिसात खुर्च्या होत्या तर टेबलं नव्हती. टेबलं आली तोवर खुर्च्या दुसऱ्या खात्यानं उचलून नेल्या होत्या. निम्मी पत्रं अजून उस्मानाबादला जायची आणि तिथला कुणीतरी भला कारकून ती सवडीनं आमच्याकडे पाठवायचा. जिल्हा नवा, मी नवा, दुष्काळ तेवढा जुना. मी कंधार तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. पद पशुधन पर्यवेक्षकाचं, पण गावात बॅग घेऊन उतरणारा प्रत्येक जण लोकांच्या लेखी डॉक्टरच असतो, तसा मीही डॉक्टर झालो. नोकरी कच्ची होती. साहेबांनी एक वाईट शेरा मारला असता तर घरी परत जाऊन वडिलांसमोर उभं राहावं लागलं असतं.

अहमदपूरच्या पुढे, नांदेडच्या हद्दीला लागून, अक्कांचं गाव. तिथल्या बौद्ध वस्तीतल्या बारा बायकांनी मंडळ केलं होतं आणि सरकारी योजनेतून त्यांना पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्या मिळाल्या होत्या. गाव त्यांना इंग्लिश कोंबड्या म्हणायचं. दाणा मिसळण्याचं काम अक्कांकडे. पंधरा दिवसांतून दोनदा जाऊन कोंबड्या बघायच्या, लस टोचायची आणि खुराकाचं प्रमाण सांगायचं, हे माझं काम होतं. प्रमाण मी वहीतून सांगायचो. अक्का ते ऐकून घ्यायच्या आणि मग बशी काढायच्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "चा घेता का डाक्टर?"

मी म्हणालो, "नको, आज उपवास आहे."

अक्कांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आज बुधवार हाय. बुधवारी कोन्ता उपास करून राहिले?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. अक्का मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी कप झाकून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "ठेवते. उपास सुटला की घ्या." माझा उपवास सुटायला चार खेपा लागल्या. त्यानंतर त्या घरात मी भाकरी खाल्ली, आजारी पडलो तेव्हा तांदळाची पेज प्यायलो, एकदा भर उन्हाचा ओसरीवर दुपारभर झोपलोही. हे लिहिताना आजही कान गरम होतात.

त्यांच्या जिभेची एक गंमत सांगतो. अहमदपूरच्या स्टँडवर एका हॉटेलात आम्ही दोघं चहा पीत होतो. अक्कांनी एक घोट घेतला आणि मालकाला म्हणाल्या, "भाऊ, म्हशीला कांद्याची पात चारली." मालक म्हणाला, "न्हाई हो अक्का, माझी म्हैस पेंडीशिवाय खात न्हाई." पुढच्या खेपेला मी एकटाच गेलो तर त्यानं आपणहून सांगितलं की धाकट्या भावानं पातीचा भारा गव्हाणीत टाकला होता. वर विचारलं, "त्या बाई कोन्त्या डिपारमेंटच्या?"

एकदा मंडळातल्या एका बाईनं कोंबड्या पुष्ट व्हाव्यात म्हणून सुकटीचा चुरा दुप्पट घातला. अक्कांनी अंडं फोडलं, नाकाशी नेलं आणि बशी त्या बाईच्याच हातात दिली. "हे अंडं हाय का बोंबील, तूच सांग." त्या दिवसापासून सुकट मोजून पडायला लागली. शिंपल्यांचा चुरा संपला की अंड्याचं कवच पातळ होतं हे मी पुस्तकात वाचलं होतं. अक्का ते नखानं सांगायच्या.

मंडळाचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे किनवटच्या बाजूचं आदिवासी मुलींचं एक वसतिगृह. तिथले अधीक्षक कामानिमित्त या भागात आले होते, त्यांनी शेड पाहिली, बशीचा प्रयोग पाहिला आणि म्हणाले, अंडी इथूनच घेणार. दर पंधरवड्याला भुशात भरलेल्या पेट्या एसटीनं नांदेडला आणि तिथून रेल्वेनं किनवटला जायच्या. पेटी भरताना अक्का कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. त्यांची स्वतःची एकुलती एक मुलगी नांदेडला वसतिगृहात राहून शिकत होती. म्हणायच्या, "तिकडच्या पोरीबी आपल्यावानीच घर सोडून ऱ्हातेत. त्यांच्या पानात खोटं नगं जायला."

मग दुसऱ्या वर्षीही पाऊस गेला. विहिरींत पाय धुवायला पाणी उरलं नाही. मका दिसेनासा झाला आणि कोंबड्यांना ज्वारीवर ठेवावं लागलं. ज्वारीनं पोट भरतं, पण बलकाला रंग येत नाही. अक्कांच्या बशीत फिकट, पांढुरका बलक पडायला लागला. किनवटहून अधीक्षकांचं पत्र आलं, अंड्यात जीव नाही, मुली खायला कुरकुर करतात, सुधारणा झाली नाही तर दुसरीकडे बघावं लागेल. पत्र मीच वाचून दाखवलं.

पुढच्या खेपेला गेलो तर ओसरीभर शेवग्याचा पाला वाळत पडला होता. शेवगा दुष्काळातही तग धरतो. अक्का आणि बायका बांधाबांधानं फिरून पाला आणत होत्या. उन्हात वाळवला तर त्याचा जीव जातो म्हणून सावलीत वाळवायचा, हातानं चुरायचा, चाळायचा आणि दाण्यात मूठमूठ घालायचा. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. गावठी कोंबडी हिरव्यात चरते आणि तिचा बलक केशरी असतो, एवढं पाहून त्यांनी ठरवलं होतं. मी म्हणालो, "अक्का, पुस्तकात लुसर्ण घास सांगितलाय." त्या म्हणाल्या, "मग पुस्तकाला पानी द्या." अकराव्या दिवशी बशीत हळदीच्या रंगाचा बलक पडला. बायका आळीपाळीनं येऊन बघून गेल्या. किनवटला दोन खेपा त्याच अंड्यांच्या गेल्या आणि अधीक्षकांचं कौतुकाचं पत्र आलं. अक्कांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

आता माझ्यावर येतो.

भुईमुगाची पेंड संपली. ज्वारी आणि पाला यावर कोंबडी जगते, पण अंडी देत नाही. तिला पेंड लागते. मी लातूरला, उदगीरला, नांदेडच्या मोंढ्यात विचारून आलो. कुठेच मिळेना. तालुक्याला जनावरांसाठी चारा डेपो उघडला होता आणि तिथे सरकीची पेंड होती. सरकी म्हशीला दिली की दूध दाट होतं आणि लोणी घट्ट येतं. अंडी देणाऱ्या कोंबडीला मात्र ती देऊ नये, हे मी अभ्यासलं होतं. सरकीत असं काही असतं की अंडं ताजं असताना चांगलं दिसतं, पण ठेवलं की आतून रंग पालटतो. मला ते माहीत होतं. थोडी घातली तर चालून जाईल, तोवर भुईमूग येईल, असा मी विचार केला. डेपोतल्या ओळखीच्या माणसाकडून दोन पोती घेतली. दुष्काळी जनावरांच्या वाट्याची पेंड कोंबड्यांना नेली, हे साहेबांना कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती. म्हणून पेंड कुटून बारीक करून घेतली आणि भुईमुगाच्या जुन्या पोत्यांत भरली.

अक्कांनी पोत्यात हात घातला, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थांबल्या. "डाक्टर, हे सरकीवानी लागून राहिलंय."

मी म्हणालो, "भुईमुगाचीच आहे. जुनी आहे म्हणून चव गेलीय."

"चव जाती. पर दुसरी कशी येईल?"

मी हसलो आणि म्हणालो, "अक्का, पुस्तक तुम्ही वाचलंय का मी?"

त्याही हसल्या. "तुमीच," म्हणाल्या आणि पोतं ओतून घेतलं. त्या हसण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. सकाळी आंघोळ करताना, बँकेच्या रांगेत, कुठेही तो येतो.

बशीतली अंडी चांगलीच दिसत होती, कारण ती त्या सकाळचीच असायची. पेट्या भरल्या गेल्या. त्या वेळी मधे कुठेतरी एक गाडी चुकली, नंतर वसतिगृहाला सुट्टी लागली आणि अंडी तिथे दोन-तीन आठवडे पडून राहिली. मुली परतल्यावर ती उकडली. आधी स्वयंपाकिणीला बोलणी बसली, जास्त उकडलं की बलकाभोवती हिरवट कडं येतं तसं असेल म्हणून. पण हे कडं नव्हतं. अख्खा बलक शेवाळी, तपकिरी झालेला आणि पांढऱ्यावर गुलाबी झाक. निम्म्या मुलींनी अंधूक उजेडात खाऊन टाकलं होतं. एकीनं पाहिलं, ओरडली आणि ओकली. तिच्या मागोमाग बाकीच्या. वीस-पंचवीस मुलींना दवाखान्यात नेलं. त्या दिवशीच सगळ्या धडधाकट परत आल्या, कारण त्यांना झालं होतं ते घाबरण्यानं. पण गावात बातमी आली ती अशी, की अक्काची अंडी खाऊन आदिवाशाच्या पोरी दवाखान्यात पडल्या.

अधीक्षक स्वतः पेटी घेऊन आले. शेडसमोर मंडळाच्या बायका, सरपंच, आमचे साहेब, अर्धं गाव. अधीक्षकांनी अक्कांचीच बशी मागितली आणि तीत तीन अंडी फोडली. मी मागे उभा होतो. मला पाहायची गरज नव्हती. ते काय आहे हे तिथे फक्त मला माहीत होतं.

सरपंच म्हणाले, "हिरवा पाला खाऊ घातला, अंडं हिरवं निघालं. यात इचारायचं काय?"

सगळ्यांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं ते. हिरवं खाल्लं, हिरवं निघालं. साहेबांनीही मान हलवली. आणि खरं सांगतो, त्या वस्तीतल्या बाईनं पोरींना काहीबाही खायला घातलं हे पटायला गावाला फार वेळ लागलाच नसता. तीच अंडी गेली दोन वर्षं सगळं गाव खात होतं.

अक्का बशीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "पाला दिवाळीच्या आधीपासून हाय. त्याच्यावरचे अंडे किनवटला दोनदा गेले. तवा का न्हाई असं झालं?"

मग त्यांनी गर्दीत मला शोधलं.

"डाक्टर, ती पेंड भुईमुगाचीच व्हती ना?"

साहेब माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "हो. भुईमुगाचीच."

अक्कांनी एकदा मान हलवली, त्यांचा हिशेब जुळल्यासारखी. "मग माझाच पाला बाधला," म्हणाल्या, आणि बशी धुवायला घेऊन गेल्या.

उरलेलं अर्धं पोतं दुसऱ्या दिवशी मी उचलून डेपोत परत टाकलं. पाला तर त्या दिवसापासून बंदच झाला होता. महिनाभरानं साहेबांनी चार अंडी ठेवून तपासली, ती चांगली निघाली. पाला थांबवला आणि अंडी सुधारली, याहून दुसरा पुरावा काय पाहिजे? साहेबांनी तसा अहवाल लिहिला. पत्रव्यवहार मी बघायचो, म्हणून त्याची स्वच्छ प्रत माझ्याच अक्षरात आहे.

किनवटचं काम तुटलं. दाणा मिसळायला दुसरी बाई आली. उन्हाळ्यात मंडळानं कोंबड्या विकल्या आणि बायका रोजगार हमीच्या कामावर गेल्या. एकदा मी मोटारसायकलवरून जाताना रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्यांत अक्का दिसल्या. मी थांबलो. त्यांनी हातातला हातोडा खाली ठेवला. "जयभीम डाक्टर. उन्हात कशाला फिरून राहिले?" डेऱ्यातलं पाणी दिलं. मी प्यायलो. तेव्हाही सांगता आलं असतं. अक्कांनी विचारलं, "त्या पोरी बऱ्या हायत ना?" मी म्हणालो, बऱ्या आहेत. त्या माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

त्या पाहण्याचा मी एक अर्थ लावला. अक्कांना सगळं माहीत आहे. जिनं चिमूटभर पेंडीवरून सरकी ओळखली, तिला कळल्याशिवाय राहील का? त्यांनी मला सांभाळून घेतलं. पोरगं आहे, नोकरी कच्ची आहे, म्हणून दोष स्वतःवर घेतला. हा अर्थ मला फार उपयोगी पडला. त्याच्यावर मी नोकरी काढली, बढत्या घेतल्या, नांदेडला विष्णुपुरीच्या रस्त्याला घर बांधलं. अक्कांच्या मोठेपणावर माझे डोळे भरून यायचे आणि ते भरून आले की मला जरा हलकं वाटायचं. तुमच्या लक्षात आलं असेल, माणूस स्वतःला किती चांगलं फसवतो.

तरी अक्का सोडत नव्हत्या. उकडलेलं अंडं मला जात नाही. ऑम्लेट करताना बायको प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडून मला दाखवते, नाहीतर मी ताटावरून उठतो. ती म्हणते, इतकी वर्षं कोंबड्यांच्या खात्यात काढली आणि अंड्याला भितो. माझ्या पुतण्याची आता मोठी पोल्ट्री आहे. बलकाचा रंग जुळवायला त्याच्याकडे पिवळ्या-केशरी पट्ट्यांचा एक तक्ता असतो. गिऱ्हाइकाला जो रंग पाहिजे तो झेंडूच्या अर्काची पूड घालून आणतात. त्यानं मला तक्ता दाखवला तेव्हा मी म्हणालो, शेवग्याच्या पाल्यानंही येतो. तो म्हणाला, "काका, त्याच्यावर तर पेपर लिहिलेत लोकांनी." मी बाहेर येऊन पायरीवर बसलो.

त्याच आठवड्यात अक्कांच्या गावाला गेलो. तीस-पस्तीस वर्षांनी. घराला स्लॅब पडली होती. दार उघडणाऱ्या बाईंना मी लगेच ओळखलं. अक्कांची मुलगी, नाक-डोळे आईचेच. त्या नर्स आहेत, जवळच्याच आरोग्य केंद्रात. मी नाव सांगितलं तर त्यांनाही आठवलं.

"या ना डॉक्टर. आईला जाऊन चार वर्षं झाली. तुमचं नाव काढायची ती."

मी खुर्चीवर बसलो. त्यांनी चहा दिला आणि गॅसवर डाळ चढवली. मी अडखळत म्हणालो की तुमची आई फार मोठ्या मनाची बाई होती, किनवटच्या त्या प्रकरणात त्यांनी कुणालाही दोष दिला नाही.

"दोष कुणाला देणार?" त्या म्हणाल्या. "चूक तिचीच होती ना. शेवटपर्यंत तेच बोलायची. माझ्या हातानं पोरींना इख गेलं म्हणायची. आमच्या घरात शेवग्याच्या पाल्याची भाजी कधी झाली नाही. मी गरोदर बायकांना पाला खा म्हणून सांगत फिरते आणि घरी आईसमोर ते नाव काढायची सोय नव्हती. शेवटी शेवटी तर चहात दूध कसलं आहे तेही सांगायची नाही. मी विचारलं तर म्हणायची, मला काय कळतं त्यातलं, तूच बघ."

मी कप खाली ठेवला. मग अक्कांना माहीत नव्हतं. त्यांनी मला सांभाळलं नव्हतं, माझ्यावर विश्वास ठेवला होता. त्या रस्त्यावर त्या माझ्याकडे बघत राहिल्या होत्या, ते बहुधा मी पोरींबद्दल खरं बोलतो आहे ना, एवढंच बघायला.

मी सगळं सांगितलं. डेपो, जुनी पोती, चिमूट, साहेबांसमोरचं ते "हो". माझं संपल्यावर त्यांनी गॅस बंद केला, हात धुतले आणि चपला घातल्या.

"हे मला सांगून काय होणार? चला."

विहाराच्या कट्ट्यावर तीन म्हाताऱ्या बसल्या होत्या. मंडळातल्या बारांपैकी तेवढ्याच उरल्या होत्या. अक्कांच्या मुलीनं त्यांना सांगितलं, हे आपले डॉक्टर, ह्यांना काही बोलायचंय. कट्ट्यावर आणखी दोन-चार जण होते, तेही वळले. मी उभा राहिलो. नोकरीत शेकडो सभांत बोललो होतो, तरी इथे कसंबसं सांगितलं.

एकीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "म्हंजे अक्काचं बरोबर व्हतं," ती म्हणाली, मला नाही, शेजारच्या बाईला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हे तिला सांगाया पायजे व्हतं, बाबा."

पलीकडच्या म्हातारीला ऐकू कमी येत होतं. तिनं कानामागे हात धरला. "काय म्हनून राहिला त्यो?"

अक्कांची मुलगी म्हणाली, "तिला ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा. मोठ्यानं."

मी पुन्हा सांगायला सुरुवात केली, पेंड सरकीची होती इथपासून.